रुमालाखालचा भाव

बागूल मॅडम वर्गात आल्या की पिशवीतून पुस्तक नाही, रुमाल काढायच्या. गावाकडची माणसं डोक्याला बांधतात तसला, मोठा, पांढरा. तो झटकून टेबलावर टाकायच्या आणि म्हणायच्या, "व्याख्या नंतर. आधी हात पुढे कर."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बारावी कॉमर्सला होते, निफाडहून एसटीने यायचे. अर्थशास्त्र म्हणजे लिहून घेणं, एवढंच आम्हाला ठाऊक. व्याख्येला दोन गुण, आकृतीला एक. मागणीचा वक्र खाली का उतरतो असं कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "परीक्षेत 'का' विचारत नाहीत." पोरांची अक्कल मारण्याचा इतका शिस्तशीर कारखाना मी दुसरा पाहिला नाही. त्या कारखान्यात तासावर पैसे मिळणाऱ्या, दर जूनला नव्याने नेमणूक मागावी लागणाऱ्या या सटाण्याच्या बाई आल्या.

त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. तिथे घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हातात हात देतात, बोटं दाबून भाव सांगतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. मॅडमनी तोच बाजार वर्गात भरवला. अर्धे विकणारे, अर्धे घेणारे. प्रत्येकाला एक चिठ्ठी: याच्या खाली विकायचं नाही, किंवा याच्या वर घ्यायचं नाही. माझ्या वाट्याला समाधान आला. वणीचा, शेवटच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडणारा. रुमालाखाली त्याने मला पार सोलून काढलं.

सौदे संपल्यावर मॅडमनी सगळ्यांचे भाव फळ्यावर लिहिले. एकसारखेच बैल, आणि प्रत्येक जोडीचा भाव वेगळा. सगळ्यात महाग मी घेतला होता. वर्ग खो खो हसला.

"काय गं निफाड," मॅडम म्हणाल्या. आम्हाला त्या गावाच्या नावानेच हाक मारायच्या. "शेजारच्या जोडीचा भाव तुला माहीत असता तर?"

"तर एवढा कशाला दिला असता?"

"मग पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. ग्राहकाला बाजाराचं पूर्ण ज्ञान असतं म्हणे! तुला होतं? आता सांग, रुमाल कुणाच्या फायद्याचा? समजनं का?" रंगात आल्या की त्यांची अहिराणी बाहेर पडायची.

मग रुमाल बाजूला. भाव ओरडून सांगायचे. दोन-तीन फेऱ्यांत सगळे भाव जवळजवळ आले. त्या दिवशी डबे खाताना आम्ही अर्थशास्त्रावरून भांडलो. अर्थशास्त्रावरून!

पुढच्या आठवड्यात पुन्हा बाजार भरला, आणि व्हरांड्यातून उपप्राचार्यांनी माझा नि समाधानचा हात रुमालाखाली पाहिला.

"बाई, हे कॉलेज आहे! मुलामुलींचे हात रुमालाखाली? पालकांना काय तोंड दाखवू मी?"

"या ना सर, बसा. एक बैल घेऊन जा."

वर्गात हशा फुटला. ते त्यांना झोंबलं. शिवाय हेच साहेब घरी अर्थशास्त्राचे क्लास घ्यायचे आणि आमच्या वर्गातली पोरं तिथून गळायला लागली होती. आता बोला, लाज कशाची वाटत होती?

आम्हाला एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. दार बंद. "बाकी मुलींनी लिहून दिलंय. तूच राहिलीस. घरी पत्र पाठवू?" समोर तयार मजकूर: 'या तासाला मला लाज वाटली.' मी सही केली. प्रत्येकीला हेच सांगितलं होतं, हे नंतर कळलं. एकटा समाधान म्हणाला, "सर, बाकीच्यांनी काय लिहिलंय ते आधी दाखवा. मग बघू. असं नाय जमत." त्यांनी दाखवलं नाही, त्याने सही केली नाही. काठावर पास होणारा पोरगा धडा शिकला होता. 'पूर्ण ज्ञान' ही व्याख्या बिनचूक लिहून पैकीच्या पैकी घेणारी मी नव्हते शिकले.

मॅडमना त्याच केबिनमध्ये राजीनामा लिहून द्यायला सांगितलं. त्या आमच्या कागदांचा गठ्ठा उचलून बाहेर आल्या आणि व्हरांड्यात उभ्या राहून मोठ्याने वाचायला लागल्या. पहिल्याच कागदाचा मजकूर वाचला, खालच्या सहीपाशी थांबल्या.

"नाव वाचत नाही," म्हणाल्या. "हिला शेजारचा भाव कुणी सांगितला नव्हता."

राजीनामा त्यांनी दिला नाही. जूनमध्ये नेमणूकही मिळाली नाही. रुमाल पिशवीत घालून सटाण्याला परत गेल्या.

गेल्या महिन्यात मॅडम वारल्या. त्याच कॉलेजाने फळ्यावर लिहिलं: 'विद्यार्थिप्रिय, उपक्रमशील प्राध्यापिका.' मी घोकंपट्टीविरुद्ध पत्रकं काढत फिरते, म्हणून स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'दोन गोड आठवणी' मागितल्या. गोड काही नाही माझ्याकडे. तुमच्याकडे आजही व्याख्येला दोनच गुण आहेत, आणि 'का' अजून विचारत नाहीत. तुम्ही हे छापणार नाही, म्हणून पत्रक काढून तुमच्याच गेटवर वाटते आहे. मॅडमनी वाचलं नाही ते नाव मी वाचते: संगीता निवृत्ती कदम, बारावी कॉमर्स, ब तुकडी. 'बाकीच्यांनी लिहून दिलंय' असं मला सांगितलं, तेव्हा अजून कुणीच लिहून दिलं नव्हतं. पहिली सही माझी होती.