सातोको-सानचं मागणं

बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. पुण्यात भावानं त्यांना अग्नी दिला आणि मी इथे जपानमध्ये, ग्योतोकुच्या घरात, फोनच्या पडद्यावर ते पाहिलं. तेव्हापासून दत्तगुरूंशी माझं बोलणं थांबलं. तसबीर स्वयंपाकघरातल्या फळीवर होती, धूळ मी पुसत होते, गुरुवारी फूलही ठेवत होते. पण हात जोडले की आत काही हलत नसे. सवय राहिली होती, विश्वास नव्हता. अशा अवस्थेत असताना निखिल, माझा नवरा, वाळवंटात गेला.

त्याच्या ऑफिसातले तानाबे-सान निवृत्तीला आले होते. तरुणपणापासून त्यांच्या मनात एकच वेड होतं: जुनी गाडी घेऊन सहारा ओलांडायचा. हौशी लोकांची अशी रॅली निघते; मोरोक्कोहून सुटून मॉरिटानियाच्या वाळूतून सेनेगलपर्यंत. ना बक्षीस, ना मोठ्या कंपन्यांचे ताफे. चिबातल्या एका मित्राच्या अंगणात रविवार रविवार घालवून दोघांनी एक जुनी जीप उभी केली. जायच्या आदल्या दिवशी मी निखिलला म्हटलं, "अजूनही नाही म्हणता येईल." तो म्हणाला, "त्यांच्याबरोबर जायला दुसरं कोणीच नाही गं."

रोज तिथल्या मुक्कामावरून त्याचा फोटो येई. एका सकाळी आला नाही. मी कचऱ्याची पिशवी खाली ठेवून वर आले, तोच आयोजकांचा फोन. दुपारी वाळूचं वादळ झालं, बाकीच्या गाड्या तळावर पोचल्या, यांची पोचली नाही. त्यांच्याकडचं, ठावठिकाणा कळवणारं यंत्रही संकेत देत नव्हतं. उजाडलं की शोध सुरू करू, असं तो माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता. आमची मुलगी मीरा शाळेचं दप्तर पाठीवर अडकवून दारात उभी होती. तिनं नेहमीप्रमाणे जपानीत विचारलं, "कोणाचा फोन?" मी "ऑफिसचा" म्हणाले आणि तिला शाळेत सोडून आले.

दुपारी दाराची बेल वाजली. तानाबे-सानच्या पत्नी, सातोको-सान, उभ्या होत्या. ऑफिसच्या एका समारंभात आम्ही एकदाच भेटलो होतो. हातात ओनिगिरीचा, भाताच्या गोळ्यांचा डबा, केस नीट विंचरलेले, पण कोटाची बटणं वरखाली लागलेली. त्या वाकून म्हणाल्या, "माफ करा. घरात एकटीला बसवत नाही. इथे बसू का?" मी त्यांना आत घेतलं. आम्ही फोन मधे ठेवून बसलो. त्या माझ्या आईच्या वयाच्या, मला त्यांची भाषा अर्धवट येणारी. मीरा आली, जेवली, त्यांच्याशीच गप्पा मारत बसली. तिला काय सांगायचं ते त्याच ठरवत होत्या आणि मला त्याचा आधार वाटत होता.

संध्याकाळ झाली. तिथे सकाळ असेल, वाळू तापू लागली असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी उठून फळीसमोर उभी राहिले. एवढ्या काळानंतर मी देवाशी बोलले ते भांडणच होतं. बाबांना नेलंस तेव्हा विचारलं नाहीस, आता निखिलला परत दे. दुसरं काही ऐकून घेणार नाही. मागे वळले तर सातोको-सान उभ्या होत्या. "तीन मुखांचे हे कोण?" मी जमेल तसं सांगितलं. "मीही काही मागितलं तर चालेल?" मी म्हटलं, "मागा ना." त्यांनी डोळे मिटून हात जोडले. नंतर आपणहून म्हणाल्या, "तिथे दोघांपैकी कोणीही एकटं असू नये, एवढं मागितलं."

मला त्यांचा रागच आला. आपल्या माणसाचा जीव मागायचा सोडून हे काय मागणं? आता लिहिताना कळतं, त्यांना कसलीतरी चाहूल लागली असावी; किंवा काय मागता येतं आणि काय नाही, हे त्या वयानं शिकल्या असतील.

सातोको-सान रात्री आमच्याकडेच राहिल्या. बातमी आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. निखिल जिवंत सापडला होता. तानाबे-सान वाचले नव्हते. फोन माझ्या कानाला होता आणि सातोको-सान माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी धडपडत होते. त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. "निखिल-सान?" मी मान हलवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मग खाली जमिनीवर बसल्या.

निखिल परत आला तो अर्धा होऊन. सगळ्यात आधी आम्ही सातोको-सानांच्या घरी गेलो. अस्थिकलशासमोर बसून त्यानं सगळं सांगितलं. वादळात वाट चुकली, गाडी वाळूच्या कड्यावरून खाली आपटली, तानाबे-सानच्या छातीला मार लागला. यंत्र फुटलं होतं, निखिलचा पाय मोडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

"त्यांना तहान लागली होती का?" सातोको-सानांनी विचारलं.

"पाणी होतं. शेवटपर्यंत पाजत होतो. डोकं माझ्या मांडीवर होतं. तुमचं नाव घेत होते."

मग निखिल एकटाच उरला. पाणीही संपलं. पुढच्या सकाळी, हरवलेली उंटीण शोधत एक म्हातारा तिथे आला. ना याची भाषा त्याला, ना त्याची याला. त्यानं दूध पाजलं, स्वतःच्या अंगावरचं वस्त्र काढून तानाबे-सानना झाकलं, धूर केला आणि शोधपथकाची गाडी दिसेपर्यंत त्या दोघांपासून हलला नाही. उंटीण शोधायला मग तो गेलाच नाही. निखिलला त्याचं नावसुद्धा विचारता आलं नाही.

हे ऐकताना मला फळीसमोरचं ते मागणं आठवलं. मी सातोको-सानांकडे पाहिलं. त्या रडत होत्या, पण शांतपणे. मी कसंबसं म्हटलं, "माझ्या घरी माणूस परत आला. तुमच्यासमोर देवाचे आभार कसे मानू?"

त्या म्हणाल्या, "माना. माझ्या माणसाचा हात धरायला तुमचा माणूस होता. मग तुमच्या माणसाजवळ बसायला तो म्हातारा आला. मी एवढंच मागितलं होतं."

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. एक माणूस गेला, ते दुःख कोणत्याही अर्थानं हलकं होत नाही. निखिल अजून झोपेत दचकतो. माझे आभारही त्या मरणाला चिकटूनच आहेत, वेगळे काढता येत नाहीत. पण दत्तगुरूंशी बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. निखिल सकाळी ऑफिसला निघाला की मी त्याला त्यांच्या हवाली करते. "परत आणा" हे शब्द अजूनही ओठांवर येतात. ते मी गिळते, आणि सातोको-सानांनी मागितलं होतं तेवढंच मागते.