भातकुलीत बंद पडणारं विमान

आमचे भाऊजी एका वेळी एकच गोष्ट बदलत. पोट बिघडलं आणि डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या, तर हे रोज एकच गोळी घेणार. “तिन्ही संगं घेतल्या तं गुन कोन्या गोळीचा, ते कसं समजन?” तोवर पोट आपोआप बरं होई आणि गुण कोणत्या गोळीचा हे कधीच कळत नसे. मी त्यांची धाकटी मेहुणी, त्यामुळे त्यांना हसायचा हक्क माझ्याकडे होता आणि तो मी भरपूर वापरला.

भाऊजींचं अकोल्यात फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. त्या वर्षांत कापूस पिकला तर भाव नसे आणि भाव असला तर बोंडअळी असे. पंप दुरुस्तीला येईनात. रिकाम्या हातांना खाज सुटते म्हणतात, तशी भाऊजींना सुटली. कोणीतरी दुकानात टाकून दिलेल्या गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन त्यांनी काढलं, थर्माकोल आणि बांबूच्या कामट्यांचं विमान केलं आणि कुठूनसा रिमोट मिळवला. अकोल्यात ते विमान घारीसारखं फिरायचं. ताई साक्षीदार होती.

दर अक्षय तृतीयेला ताई-भाऊजी आमच्याकडे भातकुलीला येत, विमानासकट. आदल्या दिवशी विमान माजघरात ठेवलं जाई आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव आमच्या रिकाम्या वावरात जमे. विमान झोकात उडायचं, निंबाच्या झाडापर्यंत जायचं, तिथे खोकायचं आणि गप्प व्हायचं. मग भेगाळलेल्या जमिनीवर नाक घासत उतरायचं. टाकीचं झाकण उघडून पुन्हा सुरू केलं की इंजिन शहाण्यासारखं चालू होई. पुन्हा उडवलं की पुन्हा निंबाशी खोकला.

“भातकुलीची हवा जड हाय,” भाऊजी म्हणाले. “पेट्रोल पचत नाही तिले.” आणि त्यांनी शपथ घेतली: या वावरावर विमानाचा एक अख्खा फेरा होईपर्यंत सासुरवाडीची पुरणपोळी खाणार नाही.

ही शपथ लागली आईला. सणाला जावई दारात आणि ताटात साधी पोळी! “जवाईबापू, अर्धी तरी घ्या,” ती विनवायची. भाऊजी हात जोडून रसाची वाटी पुढे करत. पुरण वाटता वाटता आईचे डोळे भरून यायचे.

मग दर वर्षी एक बदल. एकदा प्लग, एकदा ऑइलचं प्रमाण, एकदा कार्बोरेटरचा स्क्रू. शेजारच्या रहीमचाचांनी नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधायला लावली. भाऊजींनी तीही बांधली, विमान पडल्यावर सोडली आणि गंभीरपणे म्हणाले, “लिंबू नोहे.” एका वर्षी बाबांना विमानाकडे पाठ करून उभं केलं होतं. जावयाची आज्ञा, बाबा बिचारे बाभळीकडे बघत उभे. गाव पोट धरून हसलं. तसं हसायला त्या दिवसांत गावाकडे फारसं काही नव्हतं.

मग एका वर्षी विमान पडल्यावर भाऊजींनी झाकण उघडायच्या आधी टाकीकडे नीट पाहिलं. टाकीचं पोट आत ओढलं गेलं होतं. टाकीत हवा जायला एक बारीक नळी होती, तिच्यात त्यांनी माझा केसांचा आकडा घातला. सरकीसकट कापसाचा बोळा बाहेर आला. आमच्याच वावरातला!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, म्हणून आई घरातली प्रत्येक नळी बुजवायची; विमान अकोल्याला निघालं की बोळा काढून घेत असणार. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली येत नव्हतं. भाऊजी ढेकळावर बसून पोटभर हसले आणि म्हणाले, “आईले नोको सांगू वं. जीवाले लावून घेतीन.”

त्या दिवशी विमानानं निंबाला अख्खा फेरा मारला. आईनं वाढलेल्या पुरणपोळ्या भाऊजींनी इतक्या खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत त्यांनाच उठून बसता येईना. पुढे दर वर्षी ते वावरात गुपचूप बोळा काढत आणि घरी येताना परत लावत. मलाही त्यांनी विमान उडवायला शिकवलं.

भाऊजी अचानक गेले. पुढच्या अक्षय तृतीयेला ताई एकटी आली, पण विमान घेऊन. आईनं ते माझ्या हाती दिलं. “उडवून आन. मंग बसू जेवाले.”

मी बोळा काढला, रडत रडत फेरा मारला आणि विमान बाभळीत उतरवलं. घरी आल्यावर आईनं ते उलटं करून पाहिलं.

“बोळा कुठी पाडला वं? जवाईबापू येतानी आठवनीनं लावून आनत.”

“तुला ठाऊक होतं?”

“त्यात काय ठाऊक असाचं? काढल्याबिगर उडन कसं?”

“मग आधी इतकी वर्षं पडायचं तेव्हा?”

“तवा काढाले इसरत असतीन,” आई कापूस पिंजत म्हणाली. “पन जवाई मानूस. त्याले कसं सांगाचं?”

ताईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. भाऊजी गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.