दस्त्यावरची चंद्रकोर

तल्पहॉकन ओढ्याकाठी, समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या जर्मनांच्या वस्त्यांत, ठासणीच्या बंदुका काश्पर ड्यूरिंगच्या नावावर चालत. नळी तोच घडवायचा आणि नळीवर नावही त्याचंच असायचं. पण मेपलच्या लाकडी दस्त्यावर जी चांदी आणि जे पितळ चमकायचं, ते त्याच्या बायकोच्या, सालोमेच्या हातचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेजारची आपोलोनिया तेवढी चर्चच्या पायरीवर म्हणायची, "काश्पर लोखंड ठोकतो, आणि सालोमे काश्परला चमकवते!"

सालोमे हे बापाकडून शिकली. बापाला मुलगा जगला नाही, म्हणून पटाशी मुलीच्या हातात आली. पुढे बापानं दुकानातल्या कामगाराशीच, काश्परशी, तिचं लग्न लावून दिलं, की हत्यारं घराबाहेर जायला नकोत. "लाकूड एकदाच माफ करतं," बाप सांगायचा. "तेही कापायच्या आधी."

आत्ता कामाच्या ओट्यावरच्या शिकंज्यात होती ती बंदूक जावयाची, फिलिपची. फिलिप आणि लेक एवा परवा गाडी जुंपून पश्चिमेला, ओहायोच्या नव्या मुलखाकडे निघणार होते. एवाला सातवा महिना. आधीची दोन्ही लेकरं वर्षाच्या आत गेलेली. थोरल्याच्या बारशाला धर्मआईनं दिलेलं चांदीचं नाणं एवानं जपून ठेवलं होतं. "बंदुकीत घाल," ती म्हणाली होती. "माझ्याजवळ असलं की रडू येतं." सालोमेनं ते ठोकून पातळ केलं, त्यातून चंद्रकोर कापली आणि कडा कानसून आतल्या बाजूला किंचित निमुळत्या केल्या, म्हणजे दाबू तशी ती लाकडात घट्ट रुतावी.

कोर बसायची दस्त्यावर नेम धरताना गाल टेकवायच्या उंचवट्यावर. तिची टोकं नळीकडे असली तर चंद्र चढता, वाढीचा; मागे असली तर उतरता, घटीचा. या खोऱ्यात बटाटे, कुंपणाचे खांब, मुलांचं दूध तोडणं, सगळं चंद्र बघून होई. उतरत्या चंद्राची बंदूक घेऊन नव्या मुलखात कोण जाणार?

सकाळी सालोमेनं चापाभोवतीची पितळी कमान बसवली. ती दस्त्याच्या पोटाला असते, म्हणून बंदूक शिकंज्यात पालथी होती. मग तिनं ती तशीच ठेवून कोर हाती घेतली. सुरीनं कड आखली, पटाशीनं लाकूड उकरलं, कोरीच्या पाठीला दिव्याची काजळी लावून दाबून पाहिलं. जिथे काळं उमटलं तिथे खरवडलं, पुन्हा दाबलं. दुपारी लाकडी हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी कोर अशी बसली की केसही आत जाईना. तिनं समाधानानं बंदूक सुलटी केली.

टोकं मागे होती.

"काश्पर!"

काश्पर खोकत आला. भट्टीच्या धुरानं त्याची छाती गेली होती. विहिरीपर्यंत चालला तरी बसावं लागे. त्यानं पाहिलं, आणि दाढी ओढली.

"पालथी होती वाटतं. डावं-उजवं फिरलं."

"ते मला दिसतंय."

"काढून फिरवून लाव."

"खाच काय पिठात पाडलीय? उलटी कोर त्या खाचेत बसेल का?"

"मग वर पूर्ण गोल बसव. पौर्णिमा करून टाक!"

"आणि पौर्णिमेनंतर काय होतं, अकलेच्या कांद्या?"

काश्परनं हळूच सुचवलं, "खाचेत भुसा आणि सरस भरून..."

"माझा बाप थडग्यातून उठून येईल." तिचा आवाज फाटला. "परवा जाणार ती, काश्पर. दोन लेकरं पुरलीत तिनं. वाटेत रोज ही बंदूक बघणार. पोटातलं जरा हललं नाही की हिच्याकडे बघणार!"

"कोण बघणार?"

एवा दारात उभी होती, पिठानं माखलेले हात पोटावर ठेवून. सालोमेनं झटकन दस्त्यावर फडकं टाकलं.

"फडकं काढ, आई."

"अजून व्हायचंय."

"काढ म्हणते ना."

काश्परनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि भट्टीत काहीतरी राहिल्यासारखा निघून गेला. एवानं स्वतःच फडकं उचललं. तिला सांगावं लागलं नाही. ती याच ओट्याखाली खेळून मोठी झाली होती.

"उतरता," ती म्हणाली.

"माझी चूक झाली, पोरी. रात्रीतून काहीतरी करते. पितळेचा सूर्य..."

"थोरल्याचा पाळणा कोणत्या चंद्रात जोडला होतास?"

"चढत्या," सालोमे म्हणाली.

"धाकटीला पहिली आंघोळ घातलीस ती?"

"चढत्याच."

"सगळं नीट पाहून केलं होतं ना? मग?" एवा तिच्यासमोर स्टुलावर बसली. "हात लावू नकोस याला. छान बसलीय."

"फिलिप काय म्हणेल?"

"फिलिपला हरणाखेरीज काही दिसत नाही. बंदुकीवर डुक्कर कोरलंस तरी त्याला कळायचं नाही." ती हसली, मग स्टूल जवळ ओढलं. "मला चंद्र नकोय, आई. तिकडे त्या वेळेला तू हवीयस."

मागे काश्परचा खोकला सुरू झाला, थांबेना. दोघी तो संपेपर्यंत ऐकत राहिल्या.

"याला सोडून मी..."

"ठाऊक आहे. विचारलं का मी?"

सालोमेनं चांदीच्या तारेचे दोन बारीक खिळे काढले. कोरीला भोकं पाडली. एकदा खिळे ठोकले की मग ही कोर लाकूड फोडल्याशिवाय निघायची नाही. हातोडी तिच्या हातात तशीच राहिली.

"ठोक," एवा म्हणाली, आणि दोन्ही हातांनी दस्ता धरला.

सालोमेनं ठोकलं. मग कानस घेऊन खिळ्यांची डोकी चांदीच्या पातळीला आणू लागली.

"आता मला सांग," एवा म्हणाली. "तिथे सुईणबाई मिळाली नाही तर मी आणि फिलिपनं काय काय करायचं. पहिल्यापासून."

"फिलिपनं? तो घेरी येऊन पडेल."

"पडला तर पडू दे. सांग."

सालोमे खाली बघून कानस चालवत बोलू लागली. पाणी किती तापवायचं, कळा कशा ओळखायच्या, गुडघ्यांवर कधी यायचं, नाळ कुठे बांधायची, दोरा आधी उकळून ठेवायचा. बाळाचं तोंड बोटानं कसं पुसायचं. आवाज तिचा कामातलाच होता, मापं सांगावीत तसा. मग बाळ रडलंच नाही तर, इथपर्यंत ती आली, आणि तिची कानस थांबली.

एवानं दस्ता सोडला नाही.

"पुढे," ती म्हणाली.