रक्तावरचे भस्म

ती घटना आठवली की आजही आधी त्या म्हातारीचे कपाळच दिसते.

पाटोदा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात तिचे किराणा दुकान होते. नवरा वारलेला, मुलगी सासरी. हाताखाली सख्खा पुतण्या. त्याची आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. सकाळी 'आक्काला मारलं' अशी त्यानेच आरडाओरड केली. शेजारी दारातून डोकावले, आत कोणी गेले नाही.

पेटी उपडी, कपडे विस्कटलेले, हातातल्या पाटल्या गायब. डोक्यात जड वस्तूचा एक घाव. तराजूचे मोठे वजन कोपऱ्यात पडले होते, त्याला केस चिकटलेले. पाहणारा म्हणेल, चोरी.

मृतदेहाचा पंचनामा करताना मी वाकून पाहिले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते. रक्त ओघळून सुकले होते आणि भस्म त्याच्या वर होते. म्हणजे ते घाव बसल्यानंतर लावलेले. डावा हात पदराखाली होता. मूठ उघडली तर आत तिचे इष्टलिंग. ते ठेवायची गळ्यातली चांदीची डबी मात्र रिकामीच लटकत होती. चोराने ती चांदी सोडली होती.

लिंगायत घरांत माणूस पुरताना कपाळी भस्म लावतात आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. पंचांना मी भस्माची आणि मुठीची गोष्ट बाहेर न बोलण्याची सक्त ताकीद दिली. ठाण्यातही सांगितली नाही; पंचनामा माझ्या कपाटात ठेवला.

दुपारी खबर आली. चोरीच्या जुन्या गुन्ह्यांत नाव असलेला, ऊसतोडीला जाणारा एक माणूस आदल्या संध्याकाळी दुकानाजवळ दिसला होता. माझ्या सहायकाने त्याला उचलले. संध्याकाळपर्यंत तो 'कबूल' झाला. सहायक खुशीत होता.

ठाण्याच्या पायरीवर त्याची बायको बसली होती. मला पाहून उठली.

"सायेब, त्यो चोर हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पन मानूस मारायचं काळीज न्हाई त्याचं. घरात कोंबडी बी मीच कापते."

मी आत गेलो. त्याच्या पुढ्यात बसलो.

"कशानं मारलंस?"

"काठीनं."

"काठी कुठं हाय?"

"टाकली नदीत."

"आणि कपाळाला काय लावलंस?"

तो सहायकाच्या तोंडाकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "काय लावलं म्हनू, सायेब? तुमी सांगा, तेच लावलं म्हनतो."

प्रशिक्षणात आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवल्या होत्या. गुन्हा पार पाडायला जे करावे लागते ती कार्यपद्धती. गुन्ह्याला गरज नसताना जे केले जाते ती करणाऱ्याच्या मनाची खूण. चोरीचा देखावा कोणीही उभा करील. पण मारल्यावर ज्याला तिला रीतीने निरोप द्यावासा वाटला, तो परका नव्हता. मात्र एवढ्यावर कोणाचे नाव घेता येत नव्हते.

नाव स्वतःच चालून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या ठाण्यात आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"सायेब, दवाखान्यातून आक्काला ताब्यात देनार हायत. तिच्या मुठीतलं लिंग तेवढं द्या. त्याबिगर माती कशी द्यायची?"

गावातला कोणीही 'गळ्यातलं' म्हणाला असता.

"मुठीत होतं, हे तुला कोण बोललं?"

"समदेच ठेवत्यात की, सायेब."

"पुरताना ठेवतात. मारल्या मारल्या कोण ठेवतं?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. 

"दुकान लेकीला द्यायचं म्हनली. जलमभर मी पुड्या बांधल्या, अन् दुकान लेकीला. वजन हातातच हुतं, सायेब." मग म्हणाला, "पन तशीच कशी सोडू तिला? मला भस्म लावायला तिनंच शिकीवलंतं."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, म्हणून लगेच पंच बोलावले. त्याने स्वतः गोठ्यात नेऊन कडब्याखालून पाटल्या आणि रक्ताचा सदरा काढून दिला. त्याच्या बोटांचे ठसे वजनावर होतेच. पण ते दुकानात वजन रोज हाताळणाऱ्याचे, त्यांनी काहीच सिद्ध झाले नसते.

ऊसतोड्याला सोडले तेव्हा तो दारातच थांबला.

"जाऊ का खरंच?"

"जा."

"म्हातारीला मारलं कुनी, सायेब?"

"पुतण्यानं."

त्याने मान हलवली. "मला तर वाटाय लागलं हुतं, मीच मारलं आसंल."

बायकोने त्याचा दंड धरला. "चल आता गपगुमान," म्हणाली, आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता त्याला घेऊन गेली.

घाबरलेला माणूस समोरच्याला हवे तेच बोलतो, हे मी वाचले होते. पण तो बोलता बोलता स्वतःवरचाही विश्वास गमावतो, हे त्या दिवशी पाहिले. पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक खुनात एक तरी गोष्ट मी चौकशी करणाऱ्या माझ्याच माणसांपासून राखून ठेवली. ज्याला ती सांगता आली नाही, त्याचा कबुलीजबाब कितीही सुरेख असला तरी मी त्याच्या आरोपपत्रावर सही केली नाही.