ताईच्या मोबाईलातली तलवारवाली

ये माय, आजीजवळ बस. आल्यापासून उंबऱ्यात रुसून बसलीस, बरं दिसतं का? चूक माझीच हाय. तुझी ताई वारल्यावर तिचा फुटक्या काचेचा मोबाईल मी दारावरच्या भांडेवालीला दिला अन् प्लास्टिकचा टब घेतला. त्या मोबाईलात जपानी कार्टूनचा गेम होता, येवढंच मला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या खाटेवर खेळून खेळून तिनं मोठी केलेली गेमातली तलवारवाली पोर त्यातच होती, तिला तुझं नाव दिलं होतं, हे तू फोनवर सांगितलंस तवा कळलं. मी पेडगावच्या बाजारात भांडेवालीला गाठलं. ती म्हणाली, “आजी, ते डबडं कवाच फोडून भंगारात दिलं.” आता तुला काय दाखवू? मला बोल, भांड, पण येणं तोडू नको. आता गेलीस की दिवाळीची वाट न बघता परत लवकर ये.