चाचांच्या धाकानं

मी सिगारेट ओढायचो, हे लिहितानाही जरा लाज वाटते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तिथं सगळ्यात आधी शिकलो ते हेच. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावायचं होतं आणि माझा दम अर्ध्यातच संपायचा. तीनदा सिगारेट सोडून पाहिली. भरतीचा सराव घेणारे सर म्हणाले, "एकट्यानं सुटत नाही, कुणाचा तरी आधार घे." रूममेटनं लगेच आधार दिला. "तू सोड, तुह्या वाटणीची मी ओढतो."

शेवटी मला एक सुचलं. आमच्याकडे मोठ्यांसमोर कुणी ओढत नाही. मग मोठ्या माणसाजवळच बसून राहिलं तर? नेरच्या बसस्टँडजवळ बाबांच्या ओळखीच्या एका चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेज सुटलं की मला तलफ यायची, तेव्हा मी तिथं जाऊन संध्याकाळपर्यंत बसू लागलो. कारण मात्र सांगितलं नाही.

चाचा आधी चांगलं बोलायचे. मग चिडचिडे होत गेले. एकाच चाकाची हवा तीनतीनदा तपासायचे. पाचव्या दिवशी त्यांनी पाना आपटला.

"बेटा, तू घरी कधी जातं?"

"काहून चाचा?"

"तू इथं बसला का मले बिडी पिता येत नाही! शिकणाऱ्या पोरासमोर कशी पिऊ? डोकं फिरून राह्यलं माह्यं!"

मी घाबरतच खरं सांगितलं.

"म्हंजे तू माह्या धाकानं, अन् मी तुह्या?"

"हो."

"चार रोज तर काढले. बस मंग."

तेव्हापासून दोघांतलं कुणीही उठलं की दुसरा मागे. चाचा मुतारीत गेले तरी मी बाहेर पहाऱ्याला उभा. गिऱ्हाइकं विचारायची, "पोरगं कामावर ठेवलं का?" चाचा म्हणायचे, "नाही, मास्तर हाय माहा."

रविवारी दुकान बंद. दुपारी मला राहवलं नाही. टपरीवर सिगारेट घेऊन ओठांत धरली, तेवढ्यात चाचांचा फोन.

"कुठं हाय?"

खोटं बोलवेना. "टपरीवर."

मग मीच विचारलं,

"चाचा, तुम्ही?"

"मीबी." मग ते खोकल्यासारखं हसले. "दुकान उघडतो. ये लवकर."

मी सिगारेट परत करू लागलो, तर टपरीवाला म्हणाला, "उष्टी वापस घेत नाही, भाऊ."

"मग फेकून द्या," म्हटलं आणि सायकलवर टांग मारली.