दादांची गुलाबी नळी

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या हाताच्या शिरा पाहणारा पाहुणा साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा मावसभाऊ निघाला. दादा औरंगाबादला रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींवर संशोधन करत. त्यासाठी त्यांना सतत कुणाचं तरी ताजं रक्त लागे. औंढ्याच्या एका लग्नात नवरदेवाला हळद लागत असताना हे त्याचा दंड न्याहाळत म्हणाले, "लई बेस शीर हाय!" नवऱ्याकडच्यांनी त्यांना पंगतीत पार टोकाला बसवलं.

त्यांना विषय विचारायची सोय नव्हती. मोडलेली भाकर हातात तशीच राहायची. "हे बघ मावशी, जंतू शिरला की पेशी एकमेकींला निरोप धाडतात. इंटरफेरॉन म्हणतो पेट, इंटरल्यूकिन-दहा म्हणतो गप ऱ्हा. पेटलेली पेशी जंतू मारायला नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडती. उंदराची पेशी लगेच ऐकती. माणसाची काहून ऐकत न्हाई, तेच शोधून राहिलो."

"आमच्या घरातलंच कुणी ऐकत न्हाई," आई म्हणायची, "पेशीचं काय घेऊन बसलास!"

तो वायू दिसत नाही; पण तो तयार झाला असेल तर नळीत एक औषध टाकल्यावर गुलाबी रंग येतो. दादांच्या नळ्या वर्षानुवर्षं पाण्यासारख्या नितळ राहिल्या. त्या रंगावर त्यांची पीएच.डी. अडली होती आणि पीएच.डी.वर लग्न.

बी.एड.च्या कामासाठी मी औरंगाबादला गेले, तेव्हा त्यांनी मला पोटभर इडली खाऊ घातली आणि रक्त काढून घेतलं. आठवडाभरात दादा शिरड शहापूरला आमच्या दारात हजर! माझी नळी गुलाबी झाली होती, तीही त्यांनी नळीत इंटरफेरॉन टाकून पेशींना पेटायचा निरोप न देता. दुसरा कुणी पेढे घेऊन आला असता. हे चपलाही न काढता माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "म्या पेटवलं न्हाई, तर तुझ्या अंगात कोण पेटवून राहिलं? ताप येतो का? खोकला?" लगेच हिंगोलीला नेऊन त्यांनी माझं रक्त तपासून घेतलं, छातीचा फोटो काढला. काहीच निघालं नाही. तरी ते उतरल्या चेहऱ्यानंच परत गेले, आणि आईचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मग शेजारच्या दुकानात फोन आला. दादा पलीकडून ओरडत होते, "ह्या खेपेला नळीत घातलेलं पाणीच खराब होतं गं! पेशी न टाकता निस्तं पाणी तपासलं, तेबी गुलाबी! तुला काई झालं न्हाई!"

"मंग तुमचं काम?"

"ते पुन्हा पयल्यापासून!" म्हणत ते इतके मोकळे हसले की दुकानदारही हसू लागला. मला तर रडूच आलं.

पदवी त्यांना फार उशिरा मिळाली. लग्नाचं वय तोवर निघून गेलं होतं. आम्ही कधी त्याची हळहळ बोलून दाखवली, तर दादा माझ्याकडे बघून म्हणतात, "तू धडधाकट निघालीस ना, बास झालं."